तलाकनंतर घरातले काय कोणाचे?

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले, की नळदुर्गजवळ अणदूर येते. तुळजापूर तालुक्यातले हे गाव आमचे आजोळ. गेल्या बकरी ईदनंतर आम्ही तेथे गेलो, ते दावतीसाठी मात्र नव्हे. आमच्या मामांच्या नातीचा तलाक झाला होता. इद्दत संपत आली होती आणि दोन्ही घरची माणसे सामानाचा हिशेब करायला बसणार होती. ‘तुम्ही लिहिता-वाचता, चार गोष्टी तुम्हाला ठाऊक असतात, येऊन बसा,’ असा मामांचा निरोप होता.

पलंग, गादी, लोखंडी कपाट, फ्रिज, पितळेची दोन पातेली, स्टीलचे डबे, जेवणाची एकवीस ताटे. ही मोजणी अर्ध्या तासात झाली. लग्नात मामांनी काय दिले ते सगळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे त्यावर कोणी तोंड उघडले नाही. मुलीची सासू तर स्वतःहून म्हणाली की एक ताट कमी आहे, ते आमच्याकडून हरवले. आम्हाला वाटले, चला, माणसे भली आहेत, दुपारच्या नमाजपर्यंत उरकेल.

पण बैठक मगरिबपर्यंत चालली. कारण डबे-पातेली संपली आणि शिलाई मशीनचा विषय निघाला. हे मशीन लग्नानंतर चार वर्षांनी घेतलेले. पैसे बचत गटाच्या कर्जाचे, कर्ज मुलीच्या नावावर, हप्ते तिने ब्लाउज शिवून आणि फॉल-पिको करून फेडलेले. जावयाचे म्हणणे, मशीन माझ्या घरात आले, वीज माझी, जागा माझी, तेव्हा मशीन घराचे. आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला, “चाचा, वो मशीन मेरीच है.” त्यानंतर एकेक गाठ सुटत गेली. लग्नात सासरकडून घातलेला चढाव्याचा दोन तोळ्यांचा हार. सासऱ्यांच्या जागेत तिच्या झुमक्यांच्या पैशातून बांधलेली पत्र्याची खोली. जावयाच्या टायरच्या दुकानात हवा भरायचा कॉम्प्रेसर बसवण्यासाठी तिच्याच नावावर काढलेले गटाचे दुसरे कर्ज, ज्याचे आठ हप्ते अजून बाकी होते. आणि मेहर.

त्या दिवशी जे प्रश्न निघाले, ते आपल्यापैकी कित्येकांच्या घरी निघतात, म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहोत.

पहिला गैरसमज बैठकीत मुलीच्या मावसभावाने बोलून दाखवला. तो पुण्यात नोकरीला असतो. त्याच्या मते कायद्याने बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा हिस्सा मिळतो. असे नाही. शरीअतमध्येही नाही आणि भारतातल्या बहुतेक भागात कोणत्याच धर्माच्या बाईसाठी नाही. हिंदू विवाह कायद्यात पत्नीला असा वाटा देण्यासाठी एक दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते, पण पुढे ते बारगळले. ठळक अपवाद आपल्या शेजारचाच. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची दिवाणी संहिता चालते. तेथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि विभक्त होताना दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. हा नियम तेथील मुस्लिम जोडप्यांनाही लागू आहे, कारण १९३७ चा शरीअत कायदा गोव्यात लागूच केला गेला नाही. सावंतवाडीची मुलगी आणि म्हापशाची मुलगी यांच्यात एवढा फरक आहे, हे कोकणातल्या आमच्या वाचकांनाही कदाचित ठाऊक नसेल.

मग शरीअत काय म्हणते? नवऱ्याचे ते नवऱ्याचे, बायकोचे ते बायकोचे. निकाहने दोन माणसे एक होतात, त्यांच्या थैल्या एक होत नाहीत. सूरह अन-निसाच्या ३२ व्या आयतीचा आशयच असा आहे की पुरुषांनी कमावले त्यात पुरुषांचा वाटा आणि स्त्रियांनी कमावले त्यात स्त्रियांचा. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगण्याचा पुरता हक्क देणारा कायदा १८८२ मध्ये आला. आपल्याकडे तो हक्क त्याच्या बाराशे वर्षे आधीपासून आहे, ही गोष्ट आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण मग मशीनचा प्रश्न एका वाक्यात सुटायला हवा होता. कर्ज तिचे, हप्ते तिचे, मशीन तिचे. बैठकीला आलेल्या हाफिज साहेबांनी हेच सांगितले, तरी जावयाचे दोन काका तासभर घासाघीस करत होते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात तर बायकोची मालमत्ता परस्पर विकणे किंवा तिला तिच्या मालमत्तेवरचा हक्क वापरू न देणे, याची गणना छळात केली आहे आणि त्या कारणावरून तिला निकाह तोडून मागता येतो. हे आम्ही सांगितल्यावर काका जरा गप्प झाले.

या वेगळेपणाची दुसरी बाजू मात्र बाईला महागात पडते. घर, जागा, दुकान बहुधा पुरुषाच्या नावावर असते. बाई रांधते, मुले वाढवते, शेतात खुरपते, दुकानावर बसते, पण त्या कष्टाची नोंद कोठेच होत नाही. थैल्या वेगळ्या असल्या तरी तिची थैली रिकामीच राहते. म्हणून तिच्या हाती जे निश्चित आहे ते काटेकोरपणे पाहावे लागते.

त्यात सर्वांत आधी मेहर. या मुलीचा मेहर ११ हजार रुपये ठरला होता. निकाहनाम्याची प्रत काढली तर देवनागरीत लिहिलेले, ‘मेहर ११,००० मुअज्जल’. आता गंमत पाहा. अरबीत ‘ऐन’ने लिहिलेला मुअज्जल म्हणजे ताबडतोब द्यायचा मेहर, आणि ‘हमजा’ने लिहिलेला मुअज्जल म्हणजे पुढे, तलाक किंवा मृत्यूच्या वेळी द्यायचा मेहर. देवनागरीत दोन्ही शब्द तंतोतंत एकच होतात! जावई म्हणाला, तो रोखीचा होता आणि मी पहिल्याच रात्री माफ करून घेतला. मुलगी म्हणाली, मला कोणी काही विचारले नाही. साक्षीदारांपैकी एक वारलेले, दुसरे दुबईला. आमची सर्व काझी साहेबांना आणि मुलींच्या वडिलांना विनंती आहे की निकाहनामा मराठीत लिहायचा तर सरळ ‘रोख दिला’ किंवा ‘बाकी आहे’ असे लिहावे.

आणि ती पहिल्या रात्रीची माफी! नवी नवरी, अनोळखी घर, आणि नवरा म्हणतो मेहर माफ कर. ती काय बोलणार? सूरह अन-निसाची चौथी आयत मेहर खुशीने देण्याचा हुकूम देते आणि स्त्रीने स्वतःच्या राजीखुशीने काही सोडले तरच ते घेण्याची मुभा देते. विसाव्या आयतीत तर तलाक देऊन दुसरी पत्नी करताना पहिलीला सोन्याचा ढीग दिलेला असला तरी त्यातून काही परत घेऊ नये, असे बजावले आहे.

मेहर हे कर्ज आहे. तलाक झाला की बाकी मेहर लगेच देय होतो. नवरा वारला तर वारसांत वाटणी होण्याआधी तो त्याच्या मिळकतीतून चुकवावा लागतो, आणि त्यानंतर वारसा म्हणून मुले असल्यास आठवा, नसल्यास चौथा हिस्सा विधवेला मिळतो तो वेगळाच. दिवाणी दाव्याने मेहर मागायचा असेल तर मुदत तीन वर्षांची असते. ‘आज ना उद्या देतील’ म्हणत बसणाऱ्या बहिणींनी एवढे लक्षात ठेवावे.

मेहर रुपयांत ठरवण्याचा तोटाही येथेच सांगून टाकतो. १९९१ साली पाच हजार रुपये मेहर ठरला असेल तर तेवढ्यात तोळाभर सोने येऊन वर पैसे उरले असते. आज पाच हजारांत त्या तोळ्याचा तुकडाही येत नाही. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळी मेहरमध्ये चालू सिक्क्याबरोबर ‘दीनार-ए-सुर्ख’, म्हणजे सोन्याची मोहर, लिहिण्याची रीत होती. हैदराबादेत ती अजून दिसते. आपण ती का सोडली कोणास ठाऊक. मेहर-ए-फातिमी ठरवणारे लोक ५०० दिरहम, म्हणजे सुमारे १,५३१ ग्रॅम चांदी धरतात. वजनात ठरलेला मेहर महागाईत विरघळत नाही.

आता चढाव्याचा हार. माहेरचे सोने मुलीचे, याबद्दल वाद नव्हता. पण सासरने लग्नात घातलेला दागिना भेट म्हणून दिला, की नुसता घालायला दिला? उलेमा याबाबत त्या-त्या घराण्याचा रिवाज पाहायला सांगतात. मुलीच्या सासूने मोठ्या सुनेचा चढावा तिच्याचकडे ठेवला होता, हे मामींनी शांतपणे सर्वांसमोर आणले. कायद्याचे म्हणाल तर १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा याबाबत उदार आहे. शाहबानो प्रकरणानंतर घाईने आलेला हा कायदा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याचे तिसरे कलम फार थोड्या लोकांनी वाचलेले असते. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर तिच्या नातेवाइकांनी, मैत्रिणींनी, नवऱ्याने, नवऱ्याच्या नातेवाइकांनी किंवा त्याच्या मित्रांनी तिला दिलेली सर्व मालमत्ता घटस्फोटितेची आहे, असे ते कलम सांगते. बाकी मेहरही त्यातच येतो. मिळत नसेल तर ती दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते आणि आदेश होऊनही नवऱ्याने दिले नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

याच कलमावर डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. प्रकरण पश्चिम बंगालचे. मुलीच्या वडिलांनी लग्नात दिलेले सात लाख रुपये आणि ३० भरी सोने परत मिळावे, अशी घटस्फोटित महिलेची मागणी होती. उच्च न्यायालयात ती हरली होती. सारा खटला विवाह नोंदवहीतली नोंद आणि ती करणाऱ्या काझींची साक्ष यांभोवती फिरला. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तलाक २०११ चा आणि निकाल २०२५ चा. एका नोंदीच्या खाडाखोडीपायी केवढा काळ गेला!

अणदूरची एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. गावच्या खंडोबाची देवळे दोन, मूर्ती एक. ती वर्षातले काही दिवस नळदुर्गला मुक्कामी असते आणि बाकीचे अणदूरला. देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा, याचा दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. वर्षानुवर्षे चाललेली ही रीत मामांनी लहानपणापासून पाहिलेली. हाराचा वाद रंगात आला तेव्हा ते आमच्याकडे वळून म्हणाले, “गाँव देव के मुक्काम का कागद करता, और हम बच्ची के दो तोले का नै करे.” बैठकीत पहिल्यांदा सगळे हसले.

मामा बोलले ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असे तीत सांगितले आहे. आपण ती दुकानाच्या उधारीला लावतो. घरात लावायला लाजतो. बायकोने झुमके मोडून पैसे दिले तर ते कर्ज होते, भागीदारी होती की भेट, हे त्या वेळी दोन ओळींत लिहिले तर नाते तुटते, असे आम्हाला वाटत नाही. या मुलीच्या बाबतीत सोनाराची पावती नवऱ्याच्या नावाने होती आणि खोली सासऱ्यांच्या जागेत. खोलीसाठी तिने काय दिले हे ती सांगू शकत होती, दाखवू शकत नव्हती.

इद्दतीच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हा जावयाकडच्या लोकांनी तीन महिन्यांचे धान्य-किराणा धरून साडेसात हजार रुपये पुढे ठेवले आणि हात झटकले. येथे आम्हाला थोडे बोलावे लागले. १९८६ च्या कायद्यात ‘योग्य व न्याय्य तरतूद’ आणि निर्वाह असे दोन शब्द आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली करीम शेख प्रकरणात सांगितले की ही तरतूद इद्दतीपुरती नसते. पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर २००१ रोजी, डॅनियल लतिफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तेच ठरवले. रक्कम इद्दतीच्या काळात द्यायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून. शिवाय १० जुलै २०२४ च्या निकालानुसार तिला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मागण्याचा मार्गही खुला आहे. तेच कलम आता नव्या संहितेत १४४ वे झाले आहे. आणि यात अ-इस्लामी काही नाही. तलाक दिलेल्या स्त्रियांना रीतीप्रमाणे काही देऊन पाठवावे, हे सूरह अल-बकराच्या २४१ व्या आयतीतच आहे. या देण्याला मताअ म्हणतात. आमच्या लहानपणी कोणत्याही बैठकीत हा शब्द आम्ही ऐकला नव्हता.

तलाकनामा टपालाने पाठवला की सुटलो, असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक निकाल आपल्याच खंडपीठाचा आहे. मे २००२ मध्ये औरंगाबादला पूर्णपीठाने ‘दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी’ या प्रकरणात ठरवले की तलाक दिला असे नुसते म्हणून चालत नाही. त्यामागचे कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. (दगडू पठाण! हे नाव आपल्याच मातीत निपजू शकते.) तलाक सिद्ध होईपर्यंत ती पत्नीच असते आणि पत्नीची सर्व जबाबदारी राहते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक तर २०१९ च्या कायद्याने निरर्थक आणि शिक्षापात्र आहे.

खुलाचे वेगळे आहे. तेथे बाई स्वतः सुटका मागते आणि नवऱ्याकडून मिळालेले काही सोडते. पण ‘सर्व हक्क सोडले’ असे छापील वाक्य तिच्यापुढे ठेवून अंगठा घेतला जातो, हे चुकीचे आहे. मेहर सोडायचा ठरला तर तेवढाच सुटतो. बापाने दिलेले कपाट आणि स्वतःच्या कमाईचे मशीन त्यात कसे येईल? न्यायालयाकडून १९३९ च्या कायद्याने निकाह तोडून घेतला तर मेहरचा हक्क मुळीच जात नाही. सहीआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा.

बाईच्या कष्टाचा हिशेब धरायचा की नाही, यावर मुस्लिम जगात पूर्वीपासून विचार झालेला आहे. सोळाव्या शतकात मोरोक्कोच्या डोंगराळ भागात इब्न अर्दून नावाचे काझी होऊन गेले. शेतात पुरुषाइतकेच राबणाऱ्या बायकांना उत्पन्नात त्यांच्या मेहनतीचा वाटा मिळावा, असा त्यांचा फतवा प्रसिद्ध आहे. मलेशियात पती-पत्नीने मिळून कमावलेल्या मालमत्तेची वाटणी शरीअत न्यायालयेच करतात. इंडोनेशियात १९९१ च्या संहितेने अशा मालमत्तेत दोघांचा निम्मा वाटा ठरवला. हे दोन्ही देश शाफई पंथाचे, म्हणजे आपल्या कोकणी बांधवांच्याच पंथाचे. आपल्याकडच्या आलिमांनी ही चर्चा पुढे न्यावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. अणदूरच्या शिवारात ज्वारी काढणारी बाई त्या डोंगरातल्या बाईपेक्षा कमी राबत नाही.

तोपर्यंत संसार गोडीत चालला असतानाच जे करता येते ते करावे. नवऱ्याने घर किंवा शेत पत्नीला हिबा करून ताबा दिला तर तो परत घेता येत नाही. मेहरच्या बदल्यात जागा द्यायची असेल तर दस्त नोंदवावा. गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा दोघांच्या नावे करता येतो. घरकुल योजनेतले घर तर पत्नीच्या किंवा दोघांच्याच नावे मंजूर होते. शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली, आणि पुढे सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची सोय केली. त्यात आपली माणसे किती होती ते आपणच आठवून पाहावे. न्यायालयाची पायरी चढावीच लागली तर स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. फोन नंबर १५१००.

बैठकीचे शेवटी असे झाले. मशीन मुलीचे ठरले. ११ हजार मेहर तेथल्या तेथे मोजून दिला. हार सासूबाईंनी स्वतः उठून आणला. त्यांचा नवरा नको म्हणत असताना आणला, हे आम्ही विसरणार नाही. तरतूद म्हणून जावयाने दीड लाख रुपये तीन हप्त्यांत द्यायचे कबूल केले. कॉम्प्रेसर दुकानातच राहील आणि गटाचे आठ हप्ते जावई गटाच्या खात्यावर परस्पर भरेल, हेही ठरले, कारण न भरल्यास गटाच्या बायका मामांच्याच दारात येणार होत्या. खोलीचे काही झाले नाही. हाफिज साहेब दोनदा बोलले, आम्ही एकदा बोललो, पण कागद नव्हता.

जे ठरले ते आम्ही मराठीत लिहून काढले, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन साक्षी घेतल्या आणि दोन प्रती केल्या. निघताना मामींनी तिसरी प्रत मागितली. धाकट्या नातीचा निकाह दोन महिन्यांवर आला आहे.